लंडनच्या गिऱ्हाइकाची बादली

इफ्फत होडेकर. हे नाव पहिल्या ओळीत यायला हवं होतं, ते आलं. का, ते शेवटी कळेल.

खरं तर हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा बसलो, दोनदा टाईप केलेलं पुसून टाकलं. कारण साधं आहे. २००६ च्या मे महिन्यात मिरकरवाड्याच्या बंदरावर जे झालं, त्यातला सगळ्यात मोठा शहाणा मी, असं अख्खी रत्नागिरी समजते. आणि सगळ्यात मोठा गाढव मीच होतो. गाढवाच्या गळ्यात हार घातला तर ते काही 'नको नको' म्हणत नाही. हार खाऊन टाकतं. मीही खाल्ला.

तर तेव्हा मी, संदेश, तेरा वर्षांचा. इफ्फत माझ्याच वर्गात. तिचा भाऊ जुनेद दहा वर्षांचा, खिशात कायम भाजलेले काजूगर, आणि ते कुणालाही द्यायचे नाहीत हा त्याचा एकमेव नियम. आमच्या आणि होडेकरांच्या घरांमध्ये फक्त एक चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. सुट्टीत आमचा धंदा ठरलेला. होडेकरांच्या गच्चीवर चढायचं, दुर्बीण लावायची आणि परत येणाऱ्या ट्रॉलरांकडे बघून कुणाला किती मासळी लागली ते ओळखायचं. बोट पाण्यात किती खाली बसलीय त्यावरून इफ्फत सांगायची. मी बोटीचा रंग, झेंडे, खलाशी असलं काहीतरी बघत बसायचो. ती जिंकायची. रोज.

ती दुर्बीण साधी नव्हती. इफ्फतचे दादा, म्हणजे आजोबा, जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते. त्यांची ती पितळेची, तीन नळ्या एकात एक सरकणारी दुर्बीण. ते गेल्यावर ती इफ्फतकडे आली, कारण घरात दुसरं कुणी ती पुसायचं नाही.

आणि मग शारजाहून कमालचाचा आले.

कमालचाचा म्हणजे इफ्फतचे धाकटे काका. मे महिन्याच्या उकाड्यात पायात मोजे आणि बूट. अत्तर इतकं की आमच्या घरातली मांजर गडगा ओलांडायची बंद झाली. प्रत्येक वाक्य 'शारजात असं नसतं' इथून सुरू. शारजात धूळ नसते, शारजात माशी नसते, शारजात लाईट जात नाही. मग शारजातून सुट्टी घेऊन इथे कशाला येतात, हे विचारायची सोय नव्हती.

घरात एक अडचण होती. इफ्फतची मोठी बहीण अमरीन बारावी होऊन वर्षभर घरी बसली होती. त्या वर्षी तिला मुंबईला नर्सिंगला जागा मिळाली. दहा जूनच्या आत फी भरली नाही तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार. अब्बा जहाजावर, जुलैपर्यंत जमिनीला पाय लागणार नाही. नसीमाकाकींनी, म्हणजे तिच्या अम्मींनी, बिस्किटांच्या निळ्या डब्यात पाकीट ठेवून निम्म्याहून जास्त फी जमवली होती. उरलेली मी देतो, असं कमालचाचांनी फोनवर तीनदा सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते घेऊन आले कपाटाएवढी म्युझिक सिस्टीम. पैसे त्यात गेले.

मग त्यांनाच एक आयडिया सुचली. दुर्बीण विकायची. परदेशात असल्या जुन्या वस्तूंना वेडे लोक वाटेल तेवढे पैसे देतात, इंटरनेटवर जाहिरात टाकायची. अमरीनच्या फीचा प्रश्न होता. इफ्फतने दुर्बीण आणून टेबलावर ठेवली आणि बाहेर गेली.

इथे माझा प्रवेश. मारुती मंदिराजवळ बाबूशेठचा सायबर कॅफे होता. तिथले कम्प्युटर मी फडक्याने पुसायचो, त्या बदल्यात अर्धा तास फुकट बसायचो. मला कुणी शिकवलं नव्हतं. बटणं दाबत दाबत शिकलो, इंग्रजी पत्रं लिहायला बाबूशेठच्या जुन्या पुस्तकातून शिकलो, आणि त्याचा मला भयंकर माज होता. फुकट जाहिरातींच्या वेबसाइटवर दुर्बिणीचा फोटो मी चढवला. खाली माझा ईमेल.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. लंडनहून, कुणी मिस्टर हॅरिंग्टन. मी ते कमालचाचांना मराठीत करून वाचून दाखवलं. प्रिय आणि आदरणीय मित्रा, तुमची वस्तू मला फार आवडली. तिच्या कंडिशनवर मी पूर्ण समाधानी आहे. तुम्ही म्हणाल ती किंमत देईन, वर दहा हजार जास्त देईन. जाहिरात ताबडतोब काढा, दुसऱ्या कुणाला दाखवू नका. मी कामात आहे म्हणून माझा एजंट येऊन वस्तू नेईल. एजंटची फी तेवढी तुम्ही रोख त्याच्या हातात द्या, ती किमतीबरोबर परत मिळेल.

अर्ध्या तासाने दुसरं पत्र, 'बँके'चं. पैसे तुमच्या नावावर जमा झालेत, एजंटच्या फीची पावती मिळाली की सुटतील. बँकेचा ईमेल माझ्यासारखाच होता, फुकटातला, नावापुढे तीन आकडे. मला ते दिसलं. मी काही बोललो नाही. कारण लंडनच्या माणसाने मला आदरणीय म्हटलं होतं. आमच्या वर्गशिक्षकांनी मला काय काय म्हटलंय ते बघता हा फारच मोठा मान होता.

कमालचाचांनी बाबूशेठच्या कॅफेत सगळ्यांना कोल्ड्रिंक पाजलं. बाबूशेठने न वाचताच सांगितलं, गोरी माणसं फसवत नाहीत. त्याला काय, तासाचे पैसे मिळत होते.

गच्चीवर मी इफ्फतला सगळं छाती फुगवून सांगितलं. तिने एकच प्रश्न विचारला.

"त्याने विचारलं का, यातून दिसतं का म्हणून?"

नव्हतं विचारलं. मी म्हटलं, मोठी माणसं असल्या बारीक गोष्टी विचारत नाहीत. तिने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी एक सडका बांगडा आहे आणि तिला मला परत टोपलीत टाकायचंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला आणि जुनेदला धक्क्यावर घेऊन गेली. माझी विमलाआत्या तिथे लिलावात मासळी घ्यायची आणि टोपली मांडून विकायची. आत्याशी भांडून आजवर कुणी जिंकलेलं नाही. आम्ही बसलो होतो तेवढ्यात एक गॉगलवाला आला. टोपलीकडे नीट न बघता म्हणाला, सगळी सुरमई द्या, भाव सांगाल तो. आत्याने टोपलीवर फडकं टाकलं. तो बडबडत निघून गेला.

मी म्हटलं, आत्या, चांगलं गिऱ्हाईक घालवलंस.

"गिराईक?" आत्या म्हणाली. "अरे मेल्या, ज्याला खायची असते तो कल्ले वर करून बघतो. वास घेतो. म्हणतो शिळी आहे, बारीक आहे, काल स्वस्त होती. माझं डोकं खातो, मग नेतो. हा न बघता नेणारा म्हणजे याला मासळी नकोच. गेल्या वर्षी असाच एक तीन टोपल्या घेऊन गेला, अजून यायचाय."

इफ्फत माझ्याकडे वळली. उठली आणि बाबूशेठच्या कॅफेच्या दिशेला चालायला लागली.

पुढची तीन पत्रं मी टाईप केली, पण सांगितली तिने. पहिलं: साहेब, आधी सांगायला हवं होतं, दुर्बिणीची पुढची काच फुटली आहे. उत्तर वीस मिनिटांत. कळवल्याबद्दल आभार, मी कंडिशनवर पूर्ण समाधानी आहे, एजंटची फी तयार ठेवा.

दुसरं: साहेब, काल आमच्या बकरीने ती चावली, आता दोनच नळ्या उरल्यात. उत्तर: कळवल्याबद्दल आभार, मी कंडिशनवर पूर्ण समाधानी आहे.

जुनेद हसून खुर्चीवरून पडला आणि त्याचे काजूगर सांडले. दोन मी खाल्ले, त्याने मोजून घेतले.

तिसरं इफ्फतने अगदी शांतपणे सांगितलं. साहेब, माफ करा, फोटो चुकीचा होता. आमच्याकडे दुर्बीण नाही. आमच्याकडे एक लाल प्लास्टिकची बादली आहे. कान तुटलेला आहे.

कळवल्याबद्दल आभार. मी कंडिशनवर पूर्ण समाधानी आहे. एजंट शनिवारी येईल.

मी स्क्रीनकडे बघत बसलो. मला आदरणीय म्हणणारा हा माणूस एका कानतुटक्या बादलीलाही तेवढ्याच आदराने पसंत करत होता. म्हणजे माझी आणि बादलीची किंमत त्याच्या लेखी एकच. खरं सांगतो, फसवणुकीपेक्षा ते जास्त लागलं.

आम्ही तिन्ही पत्रांचे प्रिंट काढून कमालचाचांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला, वाचले, चष्मा काढला. म्हणाले, एवढे बिझी लोक स्वतः लिहितात होय? सेक्रेटरी लिहितो. तुम्ही पोरांनी चावटपणा करून सौदा मोडायला घेतलाय. इफ्फत म्हणाली, पण चाचा, एजंटला आपण ओळखत नाही. त्यावर ते जे बोलले ते आमच्याकडचं कुणीही बोललं असतं. एजंटला कोण ओळखतं? तुझ्या अब्बाला जहाजावर एजंटने चढवलं. मला व्हिसा एजंटने दिला. दोघांनीही आधी फी दिली, मग काम झालं. या मोहल्ल्यात एकतरी घर दाखव, जिथे एजंटच्या हातात पाकीट न देता चूल पेटलीय.

नसीमाकाकींनाही ते पटलं, कारण ते खरं होतं. आमच्याकडे डॉक्टरवर शंका घेतील, जावयावर घेतील, पण एजंट म्हटलं की माणूस निमूटपणे खिशात हात घालतो. कमालचाचांनी निळा डबा उघडला आणि अमरीनच्या फीचं पाकीट काढून शर्टाच्या खिशात ठेवलं. अमरीन दारात उभी होती. तिने ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं. ती आत निघून गेली.

गच्चीवर इफ्फत म्हणाली, "चाचा पत्रं वाचून ऐकणार नाहीत. त्यांना गिऱ्हाईक दाखवावं लागेल."

प्लॅन तिचाच. मी फक्त एक पत्र पाठवलं: एजंटने शनिवारी सकाळी नऊ वाजता मिरकरवाडा धक्क्यावर बर्फाच्या कारखान्यासमोर यावं. चाचांना सांगितलं की जागा एजंटनेच ठरवलीय. तिथेच विमलाआत्याची टोपली असते, हे सांगायची गरज नव्हती. शुक्रवारी दुपारी चाचा जेवून घोरत होते, तेव्हा आम्ही त्यांनी बांधून ठेवलेला दुर्बिणीचा खोका सोडला. दुर्बीण बाहेर, लाल बादली आत. वजनाला दोन चिऱ्याचे तुकडे. वर तोच कागद, तीच सुतळी. गाठ जुनेदने मारली, होडीच्या दोराला मारतात ती.

शनिवारी साडेआठला इफ्फत गच्चीवर दुर्बीण लावून बसली. मी आणि जुनेद धक्क्यावर. पावणेनऊला ती धापा टाकत खाली आली. कोपऱ्यावर वडापावच्या गाडीमागे एक जीप उभी आहे, तिने सांगितलं. टाय लावलेला माणूस बॉनेटवर पावत्या पसरून शिक्के मारतोय. एका पावतीवर एक शिक्का, दुसरीवर दुसरा, आणि दोन्ही शिक्के एकाच पिशवीतून. असा एजंट कधी पाहिलायस? मी म्हटलं नाही. जुनेद कुठेतरी निघून गेला. मला वाटलं घाबरला.

नऊला जीप आली. टायवाला उतरला. कमालचाचा बूट चमकवून उभे होतेच. सलाम झाले, शेकहँड झाले. टायवाल्याने साहेबांचा निरोप सांगितला, पावती पुढे केली आणि हात पाकिटासाठी पसरला. खोका चाचांच्या पायाशी होता. टायवाल्याने खोक्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

चाचांनी पाकीट खिशातून काढलं. अमरीनचं एक वर्ष त्या पाकिटात होतं, आणि ते टायवाल्याच्या बोटांपासून वीतभर लांब.

"चाचा," इफ्फत म्हणाली, "त्याला फक्त खोका उघडून बघायला सांगा. मग द्या."

चाचांनी तिला दटावलं. टायवाला हसला आणि म्हणाला, बेटा, पॅकिंग ओके आहे, साहेबांचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे.

तेवढ्यात विमलाआत्या उठली. तिच्या हातात कोयती होती, माशांचे खवले लागलेली. ती चाचांना म्हणाली, माझ्या टोपलीशेजारी उभं राहून न बघता माल न्यायचा नाही, ही माझी जागा आहे. आणि वाकून तिने सुतळी कापली. जुनेदची गाठ वाया गेली.

कागद बाजूला झाला. लाल बादली. कान तुटलेला.

कमालचाचांचं तोंड उघडं पडलं. ते काही बोलायच्या आत टायवाल्याने बादलीकडे पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाला, "हां, हाच माल. साहेबांनी फोटोत बघितलाय. कंडिशन एकदम चांगली आहे."

धक्क्यावर मासळीचा लिलाव चालला होता तो थांबला. मी शपथेवर सांगतो, थांबला.

इफ्फतने अगदी गोड आवाजात विचारलं, हे काय आहे ते जरा सांगाल का काका?

टायवाल्याने परत बादलीकडे पाहिलं. त्याला कळलं की काहीतरी बिघडलंय, पण काय बिघडलंय ते त्या बिचाऱ्याला कळणार कसं? फोटो त्याने कधी बघितलाच नव्हता.

"अँटिक आहे," तो म्हणाला. "हल्ली अशा मिळत नाहीत."

पहिली विमलाआत्या हसली. मग बर्फाची गाडी ओढणारा धाकू. मग सगळा धक्का. कमालचाचा हसले नाहीत. त्यांनी पाकीट परत खिशात घातलं, बटण लावलं आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच शारजातला वाटत नव्हता, आमच्यातला वाटत होता.

टायवाला जीपकडे पळाला. गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला आणि धाडकन थांबला. मागे धाकूची हातगाडी आडवी लावलेली, बर्फाच्या लाद्यांसकट. हातगाडीवर बसून जुनेद काजूगर खात होता. पुढे टोपल्या, मागे बर्फ. धाकूने दार उघडून टायवाल्याला टाय धरूनच बाहेर काढलं. त्या टायचा तेवढा एक उपयोग झाला.

पोलीस आले. पिशवीत सहा रबरी शिक्के, चार पावतीपुस्तकं आणि एक यादी. चिपळूणच्या एका मास्तरांची हार्मोनियम, लांज्याच्या एका बाईंचं शिलाई मशीन. त्या दोघांनी आदल्या दिवशी दिलेली पाकिटंही तिथेच सापडली, ती त्यांना परत मिळाली. लंडनचे मिस्टर हॅरिंग्टन म्हणजे या टायवाल्याचा मेहुणा निघाला, ठाण्यातल्या एका सायबर कॅफेत बसणारा. एकच पत्र दिवसभर सगळ्यांना पाठवायचा, आलेल्या पत्रांतून जागा आणि वेळ तेवढी टिपायचा. आमच्या बकरीबद्दल त्याने एक अक्षरही वाचलं नव्हतं. मला जरा वाईटच वाटलं. बकरी मी छान रंगवली होती.

उरलेल्या फीचं काय झालं? कमालचाचांनी म्युझिक सिस्टीम विकली. घ्यायला आलेल्या माणसाने चौदा खोडी काढल्या, तीन वेळा उठून गेला, चौथ्यांदा पैसे ठेवले. चाचा वैतागले होते. इफ्फत म्हणाली, हा खरा घेणारा. आठ जूनला अमरीनची फी भरली गेली.

आता नकोशी गोष्ट.

संध्याकाळी चाचांनी सगळ्या मोहल्ल्यासमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, या पोराच्या कम्प्युटरमुळे आमचं घर वाचलं. इन्स्पेक्टर साहेबांनी पाठ थोपटली. पेपरवाला आला, त्याने विचारलं पत्रं कुणी लिहिली, मी म्हटलं मी. खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी छापून आलं: कुमार संदेशने उधळला भामट्यांचा डाव. फोटो माझा. इफ्फतचं नाव नाही. 'शेजारची मुले' असं होतं, त्यात ती आणि जुनेद दोघे आले. बाबूशेठने ते कात्रण प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर लावलं. ज्याने न वाचता गोरी माणसं फसवत नाहीत म्हटलं होतं, तोच आता गिऱ्हाइकांना सांगायचा की आमच्या कॅफेत पकडला. मी ऐकत राहिलो. तीन वर्षं.

इफ्फत यावर कधी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात अमरीन रजेवर आली. आता ती मुंबईच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. पाहुण्यांना चहा देता देता ती कौतुकाने म्हणाली, हाच तो संदेश, याच्यामुळे मी शिकले. मी नेहमीसारखा लाजल्यासारखं हसलो. समोर इफ्फत बसली होती, मांडीवर दुर्बीण, काच पुसत होती. तिने वर बघितलं. तीच ती सडक्या बांगड्याची नजर.

गच्चीवर गेल्यावर मी म्हटलं, तू सांगत का नाहीस कुणाला?

"मी कशाला सांगू?" ती म्हणाली. "तुला माहितीय ना. तू न बघता घेतलंस, तूच परत दे."

म्हणून हे लिहिलं. इफ्फत, मी तुला शब्द देतो. आज संध्याकाळी बाबूशेठच्या भिंतीवरचं ते कात्रण मी स्वतःच्या हाताने काढणार आणि त्या जागी ही पानं चिकटवणार, पहिल्या ओळीत तुझं नाव असलेली. पण त्याआधी ती तुझ्याकडे आणणार. तू कल्ले वर करून बघ, वास घे, हव्या तेवढ्या खोडी काढ. तू होय म्हटल्याशिवाय मी ती लावणार नाही.